काचेपलीकडचा अंगठा

९ जानेवारी

बारके,

तुझी चिठ्ठी आपल्या मावशीने आणून दिली. चिठ्ठी कसली, वहीच्या पानाचा तुकडा आणि त्यावर एक ओळ : ‘त्यांनी बाहेर काढा म्हणून खूण केली होती का? हो की नाही, एवढंच कळव.’ वर मायना नाही, खाली नाव नाही. मावशी दारातूनच परत फिरली, बस म्हटलं तरी बसली नाही.

सहा आठवड्यांनी तुझं अक्षर पाहिलं. ‘हो’ नाहीतर ‘नाही’ लिहून पाकीट बंद करायला मलाही आवडलं असतं, पण ते तितकं सोपं नाही. आधी तुला आमची टाकी समजून घ्यावी लागेल. कागदोपत्री तिला उच्चदाब कक्ष म्हणतात. आम्ही बावीस वर्षं टाकीच म्हणतो. अर्ध्या बसएवढी लोखंडी खोली, भिंतीला जाड गोल काचा. आत हवेचा दाब बाहेरच्या अडीच पट करायचा आणि माणसाच्या तोंडावर मास्क लावून त्यातून निव्वळ ऑक्सिजन द्यायचा. सकाळी न भरणाऱ्या जखमांचे पेशंट बसतात. दुपारी मोठ्या डॉक्टरांचा प्रयोग चालायचा. आत आडवी सायकल, तिच्यावर माणूस, आणि पायडल मारताना त्याचं हृदय किती पंप करतं याचं मोजमाप.

गंमत अशी की ऑक्सिजन इतका भरपूर मिळाला की रक्ताच्या नळ्या आखडून घेतात आणि हृदय संथ होतं. तिकडे पाय मात्र रक्त मागत असतात. मग हृदयाला अरुंद नळ्यांतून रक्त रेटावं लागतं. धडधाकट माणसाला याचं काही वाटत नाही. ज्याचं हृदय आधीच थकलेलं असेल त्याच्या फुप्फुसात पाणी उतरतं. आपल्या पाणबुड्यांचं, तुझ्या नवऱ्याचं, तसं झालं. जन्मभर पाण्याखाली काम केलेल्या माणसाच्या आतच पाणी भरलं. हे लिहिते, कारण तुला ते कोणी नीट सांगितलेलं नसणार.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर अहवालात आहे. तो तुझ्याकडे आला आहेच. ‘अठराव्या मिनिटाला स्वयंसेवकाने अंगठा दाखवून प्रकृती ठीक असल्याचे कळवले.’ नोंद माझीच आहे. शिवाय एक लक्षात घे. टाकीचा दाब उतरवून माणसाला बाहेर काढायला अकरा मिनिटं लागतात. त्याहून घाई केली तर आतल्यांच्या कानांना आणि फुप्फुसांना इजा होते. म्हणजे कोणी काहीही खूण केली असती तरी अकरा मिनिटं गेलीच असती.

आणि हेही विसरू नकोस की ‘ताई, ह्यांना कुठेतरी गुंतव गं, दिवसभर माझ्या डोक्यावर बसतात’ म्हणून माझ्यामागे लकडा तूच लावला होतास.

तुझी
ताई

१७ जानेवारी

बारके,

मागच्या पत्राची शेवटची ओळ मी लिहायला नको होती. पेटीत टाकलं आणि लगेच पेटीच्या फटीत हात घालून बघितला. हात मनगटापर्यंतच गेला. टपालवाला येईपर्यंत थांबले असते तर त्याने दिलंही असतं कदाचित, पण कामावर जायची वेळ झाली होती. माझं नेहमी असंच, कामाची वेळ झालेली असते.

तू फक्त नवऱ्याला विरंगुळा मागितला होतास. त्यांना टाकीत बसवायचं डोकं माझं. पाण्यातलं काम सुटल्यापासून गुडघ्यांनी ते बेजार होते, पण बाकी माणूस कसा ठणठणीत वाटायचा. सव्वीस वर्षं जहाजांच्या पोटाखाली उतरून डागडुजी केलेली, दाबाची भीती नाही, कान फुटायची कटकट नाही. मोठ्या डॉक्टरांना वीस माणसं हवी होती आणि विसावा मिळत नव्हता. मी म्हटलं, घरचाच आहे की.

एक गोष्ट अहवालात नाही. ऑक्टोबरात त्यांची पहिली तपासणी झाली. तपासणीची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. जिन्यात ते दोनदा थांबले. थांबले म्हणजे भिंतीवरच्या सूचना वाचायला लागले. आग लागल्यास काय करावे, ते वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाले, “ताई, तुमच्याकडे वाचायला फार देतात बुवा.” मी हसले. बावीस वर्षं दम लागलेली माणसं बघते आहे मी, आणि हसले.

वर इकोवालीने छातीवर यंत्र टेकवून पंपिंग मोजलं. हृदय भरल्यावर त्यातलं किती रक्त एका ठोक्याला बाहेर फेकतं, त्याचा तो आकडा. पन्नास टक्क्यांच्या खाली असेल तर प्रयोगात घ्यायचं नाही, असा नियम. ती म्हणाली, “अठ्ठेचाळीस.”

पाणबुडे उघड्या अंगाने, कुशीवर वळलेले, तसेच माझ्याकडे बघून म्हणाले, “ताई, नापास नका करू हो. घरी काय तोंड दाखवू?”

मी त्या पोरीला म्हटलं, “परत घे. नीट धर ते.”

एकोणपन्नास आले. म्हटलं, पुन्हा घे. एक्कावन्न आले. एक्कावन्न लिहिले.

यात लबाडी नाही, असं मी स्वतःला शंभरदा सांगितलं. दोन-तीनचा फरक नुसत्या हाताच्या फरकानेही पडतो, कोणालाही विचार. पण एक्कावन्न आल्यावर मी तिसऱ्यांदा ‘परत घे’ म्हटलं नाही. ते खाली उतरताना शीळ घालत होते. उतरताना दम लागत नाही ना.

तुला हे सांगायला मला दीड महिना लागला. हॉस्पिटलात तिन्ही दिवस तू माझ्या शेजारी बाकावर बसली होतीस आणि मी तुला ‘अचानक झालं गं, त्यांना कळलंसुद्धा नाही’ म्हणत राहिले.

ताई

२ फेब्रुवारी

बारके,

पत्र परत आलं. पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेलं. डिंक तुला शाळेपासून नीट लावता येत नाही, चारी बाजूंनी बाहेर आला होता. आत समासात तुझी एक ओळ : ‘हे मी विचारलं नव्हतं.’

बरोबर आहे. तू खुणेचं विचारलं होतंस. अठ्ठेचाळीसचा आकडा तुझ्यापुढे टाकून मी त्याच्या आड लपायला बघत होते. तू लहानपणीसुद्धा अशीच होतीस. मी कपाटामागे लपले की तू शोधायचीच नाहीस, नुसती कपाटासमोर येऊन बसायचीस.

तर खूण. टाकीत मास्क लावल्यावर बोलता येत नाही, हवेचा आवाजही मोठा असतो. म्हणून काचेतून खुणा. काचेशेजारी मोठ्या डॉक्टरांनी तक्ता लावला होता. अंगठा वर म्हणजे ठीक. तळवा आडवा म्हणजे थांबा. साध्या माणसांना हेच कळतं.

पण तुझ्या घरात अंगठ्याचा अर्थ काय होता, ते तुला मी सांगायला नको. पाण्याखाली काम करणाऱ्यांत अंगठा वर म्हणजे ‘मला वर घ्या’. ठीक म्हणायला ते अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करतात. जेवण झालं की पाणबुडे ताटावरून अंगठा वर करायचे, की उठूया आता. कोणाकडे बैठक लांबली की कोपऱ्यातून तुला अंगठा दाखवायचे. तुझी लेक बोलायला लागायच्या आधी अंगठा वर करून उभी राहायची, कडेवर घ्या म्हणून. आम्ही सगळे हसायचो.

पहिल्या दिवशीच मी त्यांना बजावलं होतं. “पाणबुडे, इथे अंगठा म्हणजे ठीक. तुमची पाण्यातली भाषा पाण्यात ठेवा.”

ते म्हणाले, “ताई, डोकं ऐकेल हो. हात ऐकायचा नाही.”

मी म्हटलं, “ऐकवा त्याला.”

पहिल्या चार खेपांना त्यांनी गोलच केला. प्रत्येक वेळी मी ध्वनिक्षेपकावरून ओरडले, “तक्ता बघा, तक्ता!” की ते जीभ चावायचे आणि अंगठा करायचे. चौथ्या खेपेला तर ते बाहेर आल्यावर मी इकोवालीसमोर त्यांना झापलं, की शाळेतली पोरं बरी. ते कान पकडून म्हणाले, “पुढच्या वेळी चुकलो तर छडी मारा.”

पाचव्या खेपेला, त्या दिवशी, अठराव्या मिनिटाला मी न ओरडता त्यांनी आपण होऊन अंगठा दाखवला.

मला वाटलं, शिकले एकदाचे.

मला बरं वाटलं, बारके. मी नोंदवहीत ‘ठीक’ लिहिलं, आणि काचेतून त्यांना माझा अंगठा दाखवला. शाबासकी म्हणून. आणि आता रोज मला तेच आठवतं, की पाण्यात खूण कळली हे सांगायला समोरचा तीच खूण परत करतो. त्यांनीच मला सांगितलं होतं ते, तुझ्या स्वयंपाकघरात, पोळी लाटायच्या ओट्याला टेकून. म्हणजे त्यांनी मला वर घ्या म्हटलं आणि मी बरं म्हटलं. ते वाट बघत बसले असतील. दाब उतरायला लागला की कानात कळतं, त्यांना तर लगेच कळलं असतं. त्यांचे कान वाट बघत असतील आणि दाब जिथल्या तिथे.

ही चूक झाली. मी केली. खुणेच्या दोन अर्थांमध्ये तुझा नवरा गेला. हेच तुला हवं होतं ना? आता तरी एक ओळ लिही. शिव्या दे हवं तर.

ताई

११ फेब्रुवारी

बारके,

तू लिहिलं नाहीस, लेकीला पाठवलंस. मी टाकीच्या दाराचं रबर पुसत होते तेव्हा ती येऊन उभी राहिली. तिच्या बापासारखीच दार अडवून उभी राहते. हातात माझं पत्र. म्हणाली, “मावशी, आई विचारते, बाबांनी एकदाच खूण केली का?”

मी म्हटलं, “तू आत ये, बस तरी.”

“आई म्हणाली, बसू नकोस. पाण्यात कोणी बघितलं नाही तर खूण परत करायची असते. बाबांनी परत केली असणार. एकदा की दोनदा, एवढं विचारून ये म्हणाली.”

तिने काचेतून आत बघितलं. सायकल अजून तिथेच आहे, वर चादर टाकलेली. ती कितीतरी वेळ बघत होती आणि मी फडकं पिळत होते.

मी म्हटलं, “एकदाच.”

ती “बरं” म्हणाली आणि गेली. सतरा वर्षांची पोर; तिला मी न्हाऊ घातलं आहे, तिच्या तोंडावर मी खोटं बोलले. तिच्या डोळ्यांकडे बघून बोलले, फडक्याकडे बघूनसुद्धा नाही.

हे पत्र टाकीन की नाही माहीत नाही. टाकलं तर समज, की तिला मी जे सांगितलं त्यावर विश्वास ठेवू नकोस.

ताई

२६ फेब्रुवारी

बारके,

हो.

दोनदा.

हे आता माझं सगळीकडे सांगून झालं आहे, म्हणून तुला लिहायची लाज थोडी कमी झाली आहे. खरं म्हणजे पहिली तुला सांगायला हवी होती. पण सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. चौकशी आटोपली, टाकीचा दोष नाही, माणसाचा दोष नाही, प्रयोग पुन्हा सुरू करायचा म्हणाले. विसावा माणूस नवा घ्यायचा. तो बाहेर येऊन थांबलाच होता, निवृत्त टपालवाला, नवे बूट घालून. तक्त्यासमोर उभा राहून अंगठा वर करायची तालीम करत होता. मला बघून हसला आणि अंगठा दाखवला. मी तिथेच भिंतीला धरून खाली बसले.

नोंदवहीत आमच्याकडे खोडायची परवानगी नाही. चुकलं तर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, वर खरं लिहायचं, तारीख घालून सही करायची. मी अठ्ठावीस नोव्हेंबरचं पान काढलं, ‘ठीक’वर रेघ मारली आणि वर लिहिलं. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून वाचलं. म्हणाले, “बाई, याचा अर्थ कळतो का तुम्हाला?” मी म्हटलं, मला तेव्हाच कळला होता. अठ्ठेचाळीसचंही सांगितलं. इकोवाली रडायला लागली. तिचा काही दोष नाही. ती टाकीत त्यांच्याशेजारीच होती, पण तिचं तोंड पडद्याकडे होतं, तिला त्यांचा हात दिसतच नव्हता. फक्त मला दिसत होता. टपालवाल्याला घरी पाठवलं. मलाही.

काय लिहिलं, ते आता तुला लिहिते. इथे टाकीचं, नळ्यांचं काही सांगत नाही. एकच सांगायचं राहिलं आहे. पहिल्या पत्रात मी तुला अकरा मिनिटांचं सांगितलं. चावीचं सांगितलं नाही. माझ्या उजव्या हाताशी एक चावी असते. ती फिरवली की मास्कमधला ऑक्सिजन बंद होऊन साधी हवा सुरू होते. चार सेकंदांचं काम. आणि सायकल थांबवायला तर बटण आहे.

अठराव्या मिनिटाचा अंगठा मला खरंच ‘ठीक’ वाटला. त्याबाबत मी तुझ्याशी खोटं बोललेले नाही. पण एकोणीस मिनिटं पाच सेकंदांनी त्यांनी पुन्हा अंगठा केला. या वेळी नुसता दाखवला नाही. हात वर झटकला, दोनदा, वर, वर. कपाळावर घाम होता, मास्क आतून पांढरा झाला होता. ठीक आहे हे कोणी असं सांगत नाही. मला कळलं. बारके, तक्ता माझ्या डोळ्यांसमोर होता, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘ठीक’ लिहिलेलं होतं, आणि मला कळलं की ते म्हणताहेत मला वर घ्या. तुझ्या घरात मी ती खूण हजार वेळा पाहिली आहे.

मी घड्याळाकडे बघितलं. शेवटचा टप्पा संपायला पंचावन्न सेकंद होते. पंपिंगचा आकडा शेवटच्या मिनिटात घेतात. इकोवालीने यंत्र धरलेलंच होतं. विसावा माणूस, शेवटची खेप, शेवटचा आकडा. आता थांबवलं तर सगळं पुढच्या आठवड्यात पुन्हा. पंचावन्न सेकंदांत काय होतंय, असं मला वाटलं. एवढंच वाटलं. दुसरं काही कारण नाही, मी तीन महिने शोधते आहे.

मी त्यांना एक बोट दाखवलं. एक मिनिट.

आकडा आला. एकतीस. यंत्र बिघडलं असं वाटून इकोवालीने पडद्यावर टिचकी मारली, आणि मग तिने वळून त्यांच्याकडे बघितलं. पुढचं तू हॉस्पिटलात पाहिलंस.

तू क्षमा करशील म्हणून हे लिहीत नाही. करू नकोस. मी तुझ्या जागी असते तर केली नसती. लेकीला सांग, मावशी तिच्याशी खोटं बोलली. आणि त्यांना कळलंसुद्धा नाही असं मी म्हणाले होते, तेही खोटं. त्यांना सगळं कळत होतं. माझ्याकडे बघत होते.

एक शेवटचं, नोंदवहीत न लिहिलेलं. तिथे त्याला रकाना नाही. मी बोट दाखवलं तेव्हा त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग हात खाली आणला, अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल केला, आणि पायडल मारत राहिले.

ठीक आहे, ताई.

त्या दिवशी त्या खुणेवरून मी त्यांना ओरडले नाही.